सोलापूर-कुर्डुवाडी पॅसेंजरचं वेळापत्रक : फलाटावरच्या मोजणीपासून दोन पानी प्रस्तावापर्यंत

जादा पॅसेंजर मागणारी निवेदनं रेल्वेला नवी नाहीत. मागणी एका ओळीची, खाली शे-दीडशे सह्या, साहेबांच्या हाती कागद देतानाचा फोटो, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. मग तो कागद फायलीत जाऊन बसतो, कारण परिचालन विभागाला ज्या पाच गोष्टी लागतात त्यातली एकही त्यात नसते. गाडी किती वाजता, कोणत्या रेकनं (जोडलेल्या डब्यांच्या संचानं), कोणत्या पाथमध्ये (इतर गाड्यांमधल्या मोकळ्या वेळेत), रात्री कुठे उभी राहणार आणि चालवणारे कर्मचारी कुठले. या पाचांची उत्तरं प्रवासी संघटनेलाही बऱ्यापैकी काढता येतात. त्यासाठी ए-थ्री आकाराचा आलेख कागद, शिसपेन्सिल, एक नोंदवही आणि सकाळी सहाला फलाटावर हजर होणारी आठ-दहा माणसं पुरतात.

उदाहरणासाठी सोलापूर ते कुर्डुवाडी हा सुमारे ७९ किलोमीटरचा पट्टा घेऊ. बाळे, पाकणी, मुंढेवाडी, मोहोळ, मलिकपेठ, अनगर, वाकाव, वडशिंगे, माढा अशी मधे नऊ स्थानकं. मार्ग दुहेरी आणि विजेचा. होटगी, दुधनी, गाणगापूर रोड, कलबुर्गी या बाजूलाही हीच रीत चालते.

एक गोष्ट आधीच मनातून काढून टाका. मुंबईत मध्य रेल्वे रोज अठराशेच्या आसपास लोकल फेऱ्या चालवते, पण तिथे उपनगरात बऱ्याच लांबीवर धिम्या आणि जलद गाड्यांचे रूळ वेगळे आहेत, सिग्नल ऑटोमॅटिक आहेत. आपल्याकडे त्याच रुळांवरून वंदे भारत जाते, हैदराबाद-चेन्नईच्या गाड्या जातात आणि सिमेंट-कोळशाची मालगाडीही जाते. ‘दर दहा मिनिटांनी लोकल’ असं लिहिलं की अर्जाचं वजन पहिल्याच ओळीत गेलं. गर्दीच्या वेळी तासाला एक आणि एरवी दोन तासांना एक, हे सोलापूरसाठी मागण्यासारखं आणि मिळण्यासारखं आहे.

मोजणी

सोमवार ते शनिवार असा सलग एक आठवडा निवडा. गड्ड्याची यात्रा, आषाढी-कार्तिकी, दिवाळीची सुट्टी, परीक्षांचे दिवस टाळा. गर्दीच्या दिवसांचा आकडा देखणा दिसतो, पण अधिकाऱ्याच्या टेबलावर त्याच स्थानकाच्या तिकीट विक्रीचा वर्षभराचा हिशोब असतो. एक आकडा फुगवलेला सापडला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

प्रत्येक स्थानकावर दोघं. एकानं पुढचा अर्धा फलाट धरायचा, दुसऱ्यानं मागचा. नोंदवहीत रकाने असे: गाडी, ठरलेली वेळ, चाकं थांबली ती वेळ, चाकं हलली ती वेळ, चढले किती, उतरले किती, डब्यात उभे किती. चढणारे मोजताना पाच-पाचच्या रेघोट्या ओढा, तोंडी आकडा धरू नका.

या रकान्यांमधला थांब्याचा रकाना सर्वात कामाचा, आणि नेमका तोच कोणी भरत नाही. समजा मोहोळला गाडी थांबली. कागदावर थांबा एक-दोन मिनिटांचा. फलाटावरची निम्मी माणसं जिन्याजवळच्या दोन डब्यांपाशी गोळा झालेली, त्यात दुधाच्या किटल्या, एखादं पोतं, शाळकरी पोरांची दप्तरं. मागचे डबे अर्धे रिकामे. सगळे चढेपर्यंत तीन मिनिटं गेली. प्रत्येक थांब्यावर एक मिनिट जादा गेलं तर नऊ थांब्यांची नऊ मिनिटं होतात, आणि ही नऊ मिनिटं कुठल्याही साहेबाच्या सहीशिवाय वाचवता येतात. डबे कुठे थांबतात त्याच्या खुणा फलाटावर रंगवून घ्या, पासधारकांना मागच्या डब्यांकडे वळवा.

थांबा लांबला की आणखी एक गोष्ट बघायची: स्टार्टर, म्हणजे गाडी सोडण्याचा सिग्नल. सिग्नल सुटलेला असून माणसं चढत असतील तर उशीर गर्दीचा. माणसं चढून झाली आणि सिग्नल अजून लाल, तर उशीर पुढच्या सेक्शनचा, म्हणजे पुढच्या स्थानकापर्यंतच्या रुळाचा. वहीत नुसतं ‘ग’ किंवा ‘सि’ लिहिलं तरी चालेल. महिन्याभरानं ही दोन अक्षरं मोजली की दुखणं कुठलं ते कळतं.

गाडीनं न जाणारेही मोजायचे. मोहोळ, माढा आणि कुर्डुवाडीच्या एसटी स्टँडवर आणि वडापच्या (खासगी जीपच्या) थांब्यावर सकाळी सात ते साडेनऊ उभे राहून शंभर-सव्वाशे जणांना चारच प्रश्न विचारा: कुठे जाता, किती वाजता पोहोचायचं असतं, परत किती वाजता निघता, रेल्वेनं का जात नाही. चौथ्याचं उत्तर बहुतेक ‘वेळ जुळत नाही’ असं येईल. ‘स्टेशन लांब पडतं’ असं उत्तर निम्म्यांहून जास्त वेळा आलं, तर त्या गावासाठी गाड्या वाढवून उपयोग नाही. आधी स्टेशनपर्यंतच्या रिक्षेचा प्रश्न सोडवा.

पासधारकांचा हिशोब वेगळा मांडा. एक मासिक पास म्हणजे २५ दिवस, जाऊन-येऊन ५० प्रवास. मासिक पास १५० किलोमीटरपर्यंतच मिळतो, म्हणजे कुर्डुवाडी आणि सुमारे ११३ किलोमीटरवरचं कलबुर्गी त्यात बसतं, दौंड बसत नाही. तिकीट न काढता जाणारा माणूस कुठल्याच आकड्यात नसतो. त्याच्यामुळे आपल्या गावची मागणी कागदावर अर्धी दिसते, हे संघटनेनं आपल्याच लोकांना ठणकावून सांगायला हवं.

उशीर कुठे होतो

एनटीईएसवर, म्हणजे रेल्वेच्या गाड्यांच्या चौकशीच्या संकेतस्थळावर, गाडी कुठे किती वाजता पोहोचली ते दिसतं. ३० दिवस रोज चार ठिकाणची वेळ उतरवून घ्या: कुर्डुवाडी सुटली, मोहोळ सुटली, बाळे सुटली, सोलापूरला लागली. फक्त सोलापूरची वेळ लिहिली तर फसगत होते. वेळापत्रकात शेवटच्या टप्प्यावर राखीव मिनिटं घातलेली असतात, रुळांच्या कामासाठी आणि वाहतुकीच्या खोळंब्यासाठी. त्यामुळे मोहोळला पंधरा मिनिटं उशिरा आलेली गाडी सोलापूरला वेळेत लागू शकते, आणि वक्तशीरपणाचा हिशोब शेवटच्या स्थानकावर होत असल्यानं ती कागदावर वेळेत धावलेली असते. मोहोळच्या फलाटावर पंधरा मिनिटं ताटकळलेला माणूस त्या हिशोबात कुठेच नसतो.

ही राखीव मिनिटं शोधणं सोपं आहे. छापील वेळापत्रकात शेवटच्या दोन स्थानकांमधला वेळ बघा. मग उलट दिशेच्या गाडीला तेवढ्याच अंतराला किती वेळ दिलाय ते बघा. सोलापूरकडे येताना बाळे ते सोलापूर जेवढी मिनिटं लागतात त्यातून जातानाची वजा केली की उरलेली बहुतेक राखीव. ती मधे मोहोळला थोडी, शेवटी थोडी अशी वाटून द्यावीत ही मागणी रास्त आहे आणि तिला पैसा लागत नाही.

उशीर रोज बाळे-सोलापूर याच टप्प्यात होत असेल, गाडी आउटरला (स्थानकाबाहेरच्या सिग्नलला) उभी राहत असेल, तर खोट फलाटाची आहे. रात्री मुंबईहून सुटलेल्या गाड्या पहाटेपासून सोलापुरात येत असतात. त्यात पाणी भरणं, कर्मचारी बदलणं चालू असतं आणि तेवढा वेळ फलाट अडतो. अशा वेळी पॅसेंजरची वेळ दहा मिनिटांनी मागेपुढे करून घेणं हा सरळ उपाय. पंधरवडाभर त्या वेळेला कोणता फलाट किती वाजता रिकामा होतो ते टिपून ठेवा, म्हणजे कोणती दहा मिनिटं मागायची ते कळेल.

पोहोचण्याच्या वेळेपासून मागे या

गाडी किती वाजता सुटावी हा प्रश्नच चुकीच्या टोकाचा आहे. आधी पोहोचायचं कधी ते ठरवा.

राज्य शासनाची कार्यालयं २०२० पासून, पाच दिवसांचा आठवडा झाल्यावर, सकाळी ९.४५ ला सुरू होतात आणि संध्याकाळी ६.१५ ला सुटतात. स्थानकाबाहेर येऊन शेअर रिक्षा मिळून टेबलापर्यंत जायला वीस-पंचवीस मिनिटं धरा. म्हणजे गाडी ९.१५ ला सोलापुरात हवी. ९.४० ला येणारी गाडी कितीही रिकामी धावली तरी तिच्यावरून ‘या मार्गावर प्रवासी नाहीत’ असा निष्कर्ष काढता येत नाही; ती चुकीच्या वेळी धावते एवढंच. संध्याकाळची ६.४५ च्या आत सुटली तर लोक पळत येतील किंवा चुकवतील, ७.१५ नंतर सुटली तर सगळे तोवर एसटीत बसलेले असतील.

पहिली पाळी आणि सकाळची महाविद्यालयं यांच्यासाठी ७.१५ च्या आसपास येणारी दुसरी गाडी लागते. उलट दिशेलाही गर्दी आहे हे विसरू नका. चिंचोळी एमआयडीसी पुणे रस्त्यावर, केगावचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठही त्याच बाजूला. शहरातून बाहेर जाणारी ही माणसं सकाळी परत जाणाऱ्या रिकाम्या रेकमध्ये बसतात. फक्त बाळे किंवा पाकणीला उतरल्यावर पुढे वाहन नसेल तर ती एकही बसणार नाहीत, म्हणून महापालिकेच्या परिवहन विभागाला किंवा एसटीला त्याच वेळेचं पत्र त्याच दिवशी द्यायचं.

अक्कलकोटबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. अक्कलकोट रोड स्थानक गावापासून लांब आहे आणि सोलापुरातून एसटी थेट गावात सोडते. तिथे रेल्वे एसटीला हरवू शकत नाही. त्या मागणीवर जोर खर्च करू नये. नागणसूर, बोरोटी, दुधनी, गाणगापूर रोड यांचं तसं नाही, तिथे गाडीची खरी गरज आहे.

रेकचं गणित

सगळ्या प्रस्तावाचा कणा इथे आहे, म्हणून सावकाश घ्या.

७९ किलोमीटर न थांबता, सरासरी ताशी ९० नं, सुमारे ५३ मिनिटं. प्रत्येक थांबा वेग कमी करणं, उभं राहणं आणि पुन्हा वेग घेणं मिळून मेमूला (वेगळं इंजिन नसलेल्या, दोन्ही टोकांना केबिन असलेल्या विजेच्या गाडीला) ढोबळ तीन मिनिटं खातो. इंजिनानं ओढलेल्या गाडीला चार ते पाच. नऊ थांबे, मेमू: २७ मिनिटं. झाली ८०. वर आठ-दहा टक्के राखीव. धरा ९० मिनिटं. इंजिनाची गाडी असेल तर हाच आकडा १०० ते ११० वर जातो.

दोन्ही टोकांना परत फिरायला वेळ लागतो. मेमूत चालक या टोकाच्या केबिनमधून त्या टोकाला जातो, ब्रेकची तपासणी होते. वीस मिनिटं पुरतात. इंजिन असेल तर ते सोडवा, दुसऱ्या रुळानं फिरवा, दुसऱ्या टोकाला जोडा, म्हणजे तीस ते चाळीस मिनिटं आणि यार्डात शंटिंगची अडवणूक वेगळी. मेमू मागायचं मुख्य कारण हे आहे; नव्या डब्यांची हौस म्हणून नव्हे.

तर एक पूर्ण चक्कर: ९० + २० + ९० + २० = २२० मिनिटं. आता हा भागाकार पाठ करा: चक्करीची मिनिटं भागिले रेकची संख्या, म्हणजे दोन गाड्यांमधलं अंतर. एका रेकवर २२० मिनिटांनी गाडी. दोन रेकवर ११० मिनिटांनी. चार रेकवर ५५, म्हणजे तासाला एक गाडी आणि वर थोडी उसंत. तीन रेकवर ७३ मिनिटं, जी घड्याळात कधीच लक्षात राहत नाहीत. तीन रेकवर तासाला गाडी हवी असेल तर चक्कर १८० मिनिटांत बसवावी लागेल, आणि त्यासाठी प्रत्येक दिशेला सहाएक थांबे आळीपाळीनं गाळावे लागतील. ते गाळायचे का, यावर अनगर आणि वाकावच्या लोकांशी आधी बोला. नंतर भांडण होण्यापेक्षा ते बरं.

तासाला एक गाडी असली तर ती तासाच्या त्याच मिनिटाला सुटावी. ७.४५, ८.४५, ९.४५. वेळापत्रक पाठ असलेला माणूस गाडीनं जातो; बघावं लागणारा माणूस वडापला हात करतो.

रेक नवा मिळतच नाही असं उत्तर हमखास येतं. म्हणून पडून असलेला रेक शोधा. याचं उत्तम उदाहरण आपल्याच स्थानकात रोज येतं: मुंबईहून सकाळी पुण्याला येणाऱ्या इंद्रायणीचा रेक पूर्वी दिवसभर पुण्यात उभा असायचा, तो मधल्या वेळात पुणे-सोलापूर इंटरसिटी म्हणून धावू लागला आणि संध्याकाळी परत इंद्रायणी होऊन मुंबईला जातो. नवा डबा एकही न घेता सोलापूरला दुपारची जाऊन-येऊन गाडी मिळाली. तसा सोलापूर किंवा कुर्डुवाडीत चार तासांहून जास्त उभा राहणारा प्रत्येक रेक यादीत लिहा. त्यातून साफसफाई-तपासणीचे तास वजा करा. चार तास उरले तर कुर्डुवाडीची एक चक्कर बसते.

दुसरी युक्ती आरपार गाडीची. कुर्डुवाडीहून आलेली गाडी सोलापुरात संपवायची आणि कलबुर्गीची वेगळी काढायची, यात दोन रेक फलाटावर बसून राहतात. तीच गाडी पुढे कलबुर्गीला नेली तर सोलापुरात दहा-पंधरा मिनिटांत फलाट मोकळा होतो. दोष असा की एका बाजूचा उशीर दुसऱ्या बाजूला जातो. म्हणून सोलापूरचा थांबा पाच मिनिटांचा न ठेवता पंधराचा मागा. होटगीहून विजयपूरकडे वळणारी गाडी असेल तर पुढचा मार्ग दक्षिण पश्चिम रेल्वेचा, म्हणजे दोन झोनची संमती लागते आणि काम दुप्पट लांबतं.

तिसरी युक्ती, मोहोळहून परत फिरणारी छोटी फेरी. सुमारे ३३ किलोमीटर, ३५ मिनिटं, दोन्हीकडे पंधरा मिनिटं धरून १०० मिनिटांची चक्कर. मोहक वाटते. अडचण इतकीच की परत फिरताना गाडीला समोरच्या दिशेचा रूळ ओलांडावा लागतो, आणि तेवढा वेळ तो अडतो. समोरून एक्स्प्रेस येण्याच्या वेळेला कंट्रोलर, म्हणजे गाड्यांची वाहतूक सांभाळणारा माणूस, हे कधीच होऊ देणार नाही. दोन्ही दिशांना जोडलेली लूप (स्थानकातला बाजूचा रूळ) मोकळी असेल अशा वेळीच ही फेरी मागा.

आलेख

कागद आडवा. आडव्या अक्षावर वेळ, १ सेंटीमीटरला १० मिनिटं. सकाळी ५ ते ११ ला ३६ सेंटीमीटर लागतात. उभ्या अक्षावर अंतर, १ सेंटीमीटरला ५ किलोमीटर. तळाला सोलापूर, सोळा सेंटीमीटरवर कुर्डुवाडी, मधली नऊ स्थानकं त्यांच्या खऱ्या अंतरावर आडव्या रेषांनी. आता चालू वेळापत्रकातली प्रत्येक गाडी तिरक्या रेषेनं काढा, सोलापूरकडे येणाऱ्या निळ्या, जाणाऱ्या लाल. ताशी ६० ची गाडी आडवी एक सेंटीमीटर गेली की उभी दोन सेंटीमीटर जाते. जितकी जलद तितकी रेष उभी.

मालगाड्या छापील वेळापत्रकात नसतात. मोहोळला दोन दिवस बसून त्या टिपा आणि तुटक रेषेनं काढा.

रिकामी जागा डोळ्यांना लगेच दिसते, पण दुपारचा मोठा रिकामा पट्टा बघून हुरळू नका. तो बहुधा रूळ आणि वायरच्या देखभालीसाठी राखलेला कॉरिडॉर ब्लॉक असतो, दोन ते तीन तासांचा. त्यात गाडी मागणारा प्रस्ताव वाचून बाजूला ठेवतात.

आता आपली गाडी बसवा. पूर्ण ब्लॉक पद्धतीत पुढची गाडी पुढच्या स्थानकापार झाल्याशिवाय मागची सोडत नाहीत. जिथे दोन स्थानकांच्या मधे सिग्नल नाही तिथे जलद गाडीमागे साधारण आठ मिनिटं, धिम्या गाडीमागे बारा मिनिटं अंतर ठेवा. मग मुख्य नियम लागतो: जलद गाडीच्या पुढे सुटू नका, मागे सुटा. हिशोब करून बघा. जलद गाडीला ७९ किलोमीटरला ४७ मिनिटं, आपल्याला ९०. तिच्या पुढे सुटायचं तर मधे ओव्हरटेक होऊ नये म्हणून पन्नासेक मिनिटं आधी सुटावं लागतं. तिच्या मागे सुटायचं तर आठ मिनिटं बस्स.

हे शक्य नसेल तर ओव्हरटेक कुठे होणार ते स्वतःच सुचवा. लूपमध्ये शिरणं, थांबणं, जलद गाडी जाणं, सिग्नल मिळणं, यात बारा ते पंधरा मिनिटं जातात. ती मोहोळला जाऊ द्या, जिथे थांबा तसाही आहे आणि फलाटावर चहा मिळतो. वाकावला उन्हात पंधरा मिनिटं उभी केलेली गाडी लोक महिन्याभरात सोडून देतात. आणि जलद गाडी वीस मिनिटं उशिरा असेल तेव्हा काय करायचं, हेही लिहा: ‘एक्स्प्रेस १५ मिनिटांहून उशिरा असल्यास पॅसेंजर पुढे काढावी.’ कंट्रोलरला बांधून घालता येत नाही, पण कागदावर असलं की बोलायला आधार राहतो.

मार्गावर आणखी गाडी मावतच नाही असं सांगितलं गेलं तर मार्गावर किती गाड्या मावतात ते काढायचं स्कॉटचं सूत्र हाताशी ठेवा. दिवसाची १४४० मिनिटं भागिले सर्वात लांब सेक्शनमधला धिम्या गाडीचा वेळ अधिक ब्लॉकचा (दोन स्थानकांनी पुढची गाडी सोडायची परवानगी देण्याघेण्याचा) वेळ, आणि आलेल्या उत्तराला ०.७ नं गुणायचं. सेक्शनला ९ मिनिटं आणि ब्लॉकला ३ धरली तर १४४० ÷ १२ × ०.७ = ८४ गाड्या, एका दिशेला. प्रत्यक्षात किती धावतात ते आपल्या आलेखावर मोजलेलं असेलच.

रात्रीचा मुक्काम

सकाळची गाडी शहराकडे यायची असेल तर रेक रात्री गावाकडच्या टोकाला हवा. मुंबईच्या काही लोकलही म्हणूनच कर्जत-कसाऱ्याकडे मुक्कामाला असतात. सोलापूरला मुक्काम असलेला रेक पहाटे रिकामा कुर्डुवाडीला नेणं म्हणजे दीड तासाची वीज आणि कर्मचारी फुकट.

तेव्हा दोन रेकची योजना असेल तर प्रस्तावात लिहा: दोन्ही रेक रात्री कुर्डुवाडीला. पहिला ५.४५ ला सुटून ७.१५ ला सोलापूर, ७.३५ ला परत. दुसरा ७.४५ ला सुटून ९.१५ ला सोलापूर, पुढे कलबुर्गी. संध्याकाळी एक ५.१५ ला, दुसरा ६.४५ ला सोलापुरातून सुटून ८.१५ ला कुर्डुवाडी, म्हणजे मुक्काम जागच्या जागी. कुर्डुवाडी जंक्शन असल्यानं लातूर आणि पंढरपूर-मिरज बाजूच्या गाड्यांच्या वेळा आलेखात घाला. पाच मिनिटांनी जोडगाडी चुकली तर बार्शीचे सगळे प्रवासी गेले.

कर्मचाऱ्यांचंही तसंच. चालकाची सलग धावती ड्युटी साधारण ९ तासांत बसवावी लागते आणि मुख्यालयात परतल्यावर मोठ्या ड्युटीनंतर १६ तासांची विश्रांती द्यावी लागते. एक चक्कर २२० मिनिटांची. दोन चक्करी म्हणजे ७ तास २० मिनिटं, बसतात. तिसरी बसत नाही. तेवढं लिहिलं तरी वाचणाऱ्याला कळतं की समोरच्यानं विचार केलाय.

माहिती मागवणं आणि कागद देणं

माहिती अधिकारात अर्ज केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर, १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. विचारायचं ते नेमकं: मागच्या बारा महिन्यांत प्रत्येक स्थानकावरून विकलेली अनारक्षित तिकिटं आणि पास, सोलापूर आणि कुर्डुवाडीत चार तासांहून अधिक उभ्या राहणाऱ्या प्रवासी रेकची यादी, या सेक्शनमधल्या ब्लॉकची ठरलेली वेळ. ‘गाडी का सुरू करत नाही’ असं विचारू नका, कारण उपलब्ध माहितीच देतात, मत देत नाहीत. चालन वेळापत्रक कार्यालयीन वापराचं असतं. ते नाही मिळालं तरी आपला आलेख पुरतो. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील.

मागणीचा क्रम महत्त्वाचा. आधी वेळेतला बदल, मग राखीव मिनिटांची वाटणी, मग पडून असलेल्या रेकची जादा फेरी, आणि सर्वात शेवटी नवा रेक. विभागातच सुरू होऊन विभागातच संपणाऱ्या पॅसेंजरची वेळ बदलायचा प्रस्ताव विभागातून झोनच्या मुख्यालयात जातो. नवी गाडी आणि एक्स्प्रेसचे नवे थांबे यांत रेल्वे बोर्ड येतं. एक्स्प्रेसचा थांबा मागायचा तर सहा महिन्यांच्या प्रायोगिक तत्त्वावर मागा; तसे थांबे देण्याची पद्धत आहे.

प्रस्ताव दोन पानांचा, सोबत आलेख आणि मोजणीचा गोषवारा. विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या नावे. प्रती वरिष्ठ विभागीय परिचालन व्यवस्थापक आणि वरिष्ठ विभागीय वाणिज्य व्यवस्थापकांना. पहिला परिच्छेद असा चालेल: ‘कुर्डुवाडी-सोलापूर सकाळच्या पॅसेंजरची सोलापूरला पोहोचण्याची वेळ ९.१५ करावी. सोबतच्या आलेखानुसार ७.४५ ते ९.१५ हा पाथ चालू वेळापत्रकात मोकळा आहे. जादा रेक लागत नाही.’ दुसऱ्यात मोजणी, तिसऱ्यात रेक आणि कर्मचारी, चौथ्यात अडचणी आणि त्यांवरचा पर्याय. गावाचा इतिहास, सणावाराची वर्णनं, ‘जनतेच्या भावना’ वगळा. पोच घ्या आणि तारीख टाका.

तोच विषय विभागीय रेल्वे उपयोगकर्ता सल्लागार समितीच्या सदस्यामार्फत बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत घालून घ्या. तिथं लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि त्या उत्तरात अडचण नेमकी कोणती ते कळतं. नवं वेळापत्रक पूर्वी १ जुलैला यायचं, २०२५ चं १ जानेवारीला लागू झालं, तारीख सरकते. म्हणून कागद निदान सहा महिने आधी आत गेलेला असावा. महिनाभर आधी दिलेला प्रस्ताव पुढच्या वर्षाचा असतो.

गाडी सुरू झाल्यावर

पहिल्या महिन्यात गाडी रिकामी दिसते. माणसांचे जुने पास, जुन्या सवयी, एसटीचे सवलतीचे पास संपेपर्यंत वेळ लागतो. पण तिकिटांचा आकडा पहिल्या दिवसापासून मोजला जातो. म्हणून सुरू होण्याच्या आठवड्यातच पास त्या-त्या गावच्या स्थानकावरून काढायला लावा. माढ्याच्या माणसानं सोलापुरातून पास काढला तर माढ्याच्या खात्यावर शून्य.

यात्रांच्या दिवसांत विशेष गाड्यांसाठी पॅसेंजरचे रेक उचलले जातात आणि गाडी ‘तात्पुरती रद्द’ होते. आषाढीच्या आधी महिनाभर पत्र देऊन किमान ७.४५ ची फेरी वगळायला सांगा. पावसाळ्यात आणि मोठ्या ब्लॉकच्या काळात राखीव मिनिटं वाढवली जातात. ती काम संपल्यावर काढली का, हे बघायला कोणी नसतं. दर तीन महिन्यांनी चार ठिकाणची तीच जुनी वही पुन्हा उघडायची, आणि बाळे-सोलापूरचा वेळ वाढलेला दिसला तर त्याच दिवशी पत्र टाकायचं.